तेलाआधी माणसं घडवणारे केशवदेव मालवीय

आपण शाळेत होतो तेव्हा भूगोलाच्या नकाशात खनिज तेलाची खूण करायची ती आसामात दिग्बोईला आणि गुजरातेत अंकलेश्वरला. १९७४च्या फेब्रुवारीत मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्राच्या तळाखाली तेल लागलं आणि अरबी समुद्रातही एक ठिपका वाढला. बॉम्बे हाय हे नाव तेव्हा घरोघरी पोहोचलं. पुढे आपल्यातलेही काही जण तेलाच्या नोकरीत गेले. ही वाट ज्यांनी पाडली त्या केशवदेव मालवीयांचं नाव मात्र आपल्या कानावर फारसं आलं नाही. त्यांची ओळख या स्मरणिकेत असावी असं वाटलं, कारण त्यांच्या कामाचा पाया शिक्षणाचा होता.

मालवीयांचा जन्म ११ जून १९०४चा. कानपूरच्या हारकोर्ट बटलर तंत्रशिक्षण संस्थेत ते शिकले, पण ऐन तारुण्यात स्वातंत्र्यलढ्यात उतरले. स्वातंत्र्यानंतर ते लोकसभेत निवडून आले आणि नेहरूंच्या सरकारात नैसर्गिक साधनसंपत्तीचं खातं त्यांच्याकडे आलं.

त्या वेळची स्थिती आज खरी वाटणार नाही. देशात तेल निघत होतं ते फक्त आसामात, तेही परदेशी कंपनीच्या हाती. तुर्भ्याला १९५४ आणि १९५५ मध्ये दोन रिफायनऱ्या उभ्या राहिल्या, त्याही परदेशी कंपन्यांच्याच. तेल शोधायचं कसं, विहीर खोदायची कशी, हे जाणणारे भारतीय अगदी मोजके होते. भारतात आणखी तेल मिळण्याची फारशी आशा नाही, असंच अनेक जाणकार म्हणत.

मालवीयांना हे पटलं नाही. १९५५ मध्ये ते शिष्टमंडळ घेऊन युरोपातल्या देशांत गेले. तिथला तेलउद्योग पाहणं हा एक हेतू होता आणि आपल्या मुलांना तिथे प्रशिक्षण मिळवून देणं हा दुसरा. त्यानंतर रुमानिया, सोव्हिएत रशिया, अमेरिका आणि पश्चिम जर्मनीचे तज्ज्ञ भारतात आले. त्याच वर्षी भूगर्भ सर्वेक्षण खात्यात तेलासाठी वेगळं संचालनालय निघालं आणि १४ ऑगस्ट १९५६ रोजी त्याचा आयोग झाला. हाच आपला ओएनजीसी. मुख्यालय तेव्हा डेहराडूनला होतं. १९५७ पासून धनबादच्या खाणशास्त्राच्या संस्थेत पेट्रोलियम अभियांत्रिकी शिकवली जाऊ लागली.

हे काम पुस्तकातून येणारं नव्हे. विहीर खोदताना चिखलाबरोबर खडकाचा चुरा वर येतो. तो धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि आपण कोणत्या थरात आहोत ते ओळखायचं, हे तरुण भूवैज्ञानिकाचं रोजचं काम. चिखल किती जड ठेवायचा हा हिशेब चुकला, तर खालचा वायू उसळून वर येतो आणि माणसांचे जीव जातात. असं ज्ञान जाणत्याच्या शेजारी उभं राहूनच येतं. परदेशी तज्ज्ञांच्या हाताखाली आपली पोरं रिगवर तयार झाली ती अशी.

पहिली विहीर १९५७ मध्ये ज्वालामुखी इथे खोदायला घेतली. तिथे व्यापारी प्रमाणात तेल मिळालं नाही. टीका करणाऱ्यांना आयतं निमित्त मिळालं, पण मालवीयांनी काम थांबू दिलं नाही. १९५८ मध्ये खंबातजवळ तेल लागलं आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला. अंकलेश्वरच्या त्या विहिरीला नेहरूंनी वसुधारा असं नाव दिलं. १९६२ मध्ये डेहराडूनला आयोगाची संशोधन आणि प्रशिक्षण संस्था सुरू झाली. स्थापनेनंतर अवघ्या सहा वर्षांत आयोग स्वतःची माणसं स्वतः शिकवू लागला.

पुढच्याच वर्षी मालवीयांवर वाईट वेळ आली. ओरिसातल्या एका खाणव्यावसायिकाशी असलेल्या संबंधांवरून आरोप झाले, न्यायाधीशांकडून चौकशी झाली आणि १९६३ मध्ये त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं. त्यांच्या चरित्रातला हा डाग झाकण्याचं कारण नाही. पण तयार झालेली माणसं आणि उभी राहिलेली संस्था त्यांच्यावाचून चालत राहिली, हेही तितकंच खरं. त्यानंतरच्या वर्षांत सोव्हिएत जहाजाच्या मदतीने समुद्रतळाची पाहणी झाली, तीतूनच बॉम्बे हायचा माग लागला. पुढे सागर सम्राट या रिगने तिथे विहीर खोदली.

१९७४ मध्येच इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात पेट्रोलियम खातं मालवीयांकडे परत आलं. मे १९७६ मध्ये बॉम्बे हायमधून उत्पादन सुरू झालं, ते त्यांच्याच कारकिर्दीत. त्याच वर्षी बर्मा शेल सरकारच्या ताब्यात आली. २७ मे १९८१ रोजी ते गेले. डेहराडूनच्या त्या प्रशिक्षण संस्थेला त्याच वर्षी त्यांचं नाव दिलं गेलं.

तेलाच्या विहिरी कधीतरी आटतात. शिकवून तयार केलेला माणूस मात्र पुढच्याला शिकवून जातो. आपल्या गुरुजनांना हे वेगळं सांगायला नको. बॅचमधले जे मित्र चौदा-चौदा दिवस समुद्रात काढून घरी परतले, त्यांनीही कोणा वरिष्ठाच्या शेजारी उभं राहूनच काम शिकलं असेल. त्या वरिष्ठांच्या मागे जाऊ तसतसे आपण डेहराडूनच्या त्या वर्गांपर्यंत आणि मालवीयांपर्यंत पोहोचतो.