फिरोजशहा मेहता : महापालिकेला दिलेले आयुष्य

दिल्लीत मंडी हाऊसजवळून जाणाऱ्या फिरोजशहा मार्गाचा मुंबईच्या फिरोजशहा मेहतांशी काहीही संबंध नाही. तो रस्ता तुघलक घराण्यातील सुलतानाच्या नावाचा आहे. मेहतांच्या नावाचा रस्ता मुंबईच्या फोर्ट भागात आहे, आणि त्यांचा पुतळा बोरीबंदरासमोर, महापालिकेच्या मुख्यालयाबाहेर. पुतळ्याची ही जागा त्यांच्या आयुष्याशी सुसंगतच म्हणावी लागेल. १९०१ मध्ये मेहतांनी कलकत्त्यातील व्हाइसरॉयच्या कायदेमंडळातील आसन सोडले आणि तेथे गोपाळ कृष्ण गोखले यांना जाऊ दिले. मुंबई महापालिकेतील आसन मात्र त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही. देशाचे राजकारण आणि शहराचे राजकारण यांत पहिले मोठे व दुसरे किरकोळ, ही समजूत त्यांना कधीच मान्य नव्हती.

४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईतील एका पारशी व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवी घेतल्यावर प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांच्या पाठिंब्याने, रुस्तमजी जमशेटजी यांच्या शिष्यवृत्तीवर ते कायद्याच्या शिक्षणासाठी विलायतेला गेले. १८६५ मध्ये मुंबईचा शेअर बाजार कोसळला, त्यात रुस्तमजींची संपत्ती गेली आणि शिष्यवृत्तीही आटली. तरीही १८६८ मध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले. लंडनमध्ये दादाभाई नौरोजी यांच्या सहवासात मिळालेले राजकारणाचे धडे त्यांच्याबरोबर होते.

परतल्यावर त्यांना जो पहिला मोठा वाद सामोरा आला, तो गटारे, रस्ते आणि करपट्टीचा होता. १८६५ पासून पालिका आयुक्त असलेल्या आर्थर क्रॉफर्ड यांनी शहराचा कायापालट करायला घेतला होता. आज महात्मा फुले यांचे नाव असलेली मंडई त्याच काळातली. पण क्रॉफर्ड यांच्या हाताला हिशेबाची सवय नव्हती. तिजोरी रिकामी झाली, कर वाढले आणि १८७१ मध्ये करदाते खवळून उठले. आयुक्तपदच नको, कारभार जस्टिस ऑफ द पीस मंडळींच्या समितीने चालवावा, असा सूर उमटला. त्या गदारोळात सव्वीस वर्षांच्या मेहतांनी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमधील सभेत निबंध वाचला आणि जमलेल्या श्रोत्यांचा रोष ओढवून घेतला. त्यांनी क्रॉफर्ड यांच्या कामाची बाजू घेतली. दोष त्या अधिकाऱ्याचा कमी आणि त्याला जाब विचारणारे कोणी नव्हते त्या व्यवस्थेचा अधिक, असे त्यांचे निदान होते. कारभार एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती असावा, परंतु पैशावर आणि धोरणावर करदात्यांनी निवडलेल्या सभेचे नियंत्रण असावे, हा त्यांनी सुचविलेला उपाय. लोकांच्या बाजूने बोलताना लोकांना न आवडणारे बोलण्याची ही सवय पुढेही सुटली नाही.

१८७२ च्या कायद्यात या विचाराचा बराचसा अंश उतरला. चौसष्ट सदस्यांची महापालिका झाली. त्यांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे होते. त्यानंतर सुमारे चार दशके मेहता या सभागृहात राहिले आणि चार वेळा तिचे अध्यक्ष झाले. पाणीपुरवठा, मैलावाहन, शाळांचे अनुदान अशा विषयांवर ते न्यायालयात अशिलाची बाजू मांडावी तितक्या तयारीने बोलत. शहराच्या पोलिसांवर सरकारचा ताबा, पण खर्चाचा भार महापालिकेवर, या विसंगतीवर त्यांनी वर्षानुवर्षे बोट ठेवले. अखेर १९०७ च्या कायद्याने पोलीस खर्च सरकारने उचलला आणि त्या बदल्यात प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय सेवेची जबाबदारी महापालिकेकडे आली. केंद्र आणि राज्य यांच्यात दिल्ली पोलिसांवरून चालणारा वाद ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना ही तक्रार अनोळखी वाटू नये.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत टिकाऊ काम १८८८ चा मुंबई महापालिका कायदा. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावानंतर कायदा नव्याने करण्याची चर्चा सुरू झाली. सरकारने आणलेल्या मसुद्यात आयुक्ताचे पारडे जड होते. प्रांतिक कायदेमंडळात मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी कलमामागून कलम लढवून तो बदलून घेतला. शहराचा कारभार महापालिका सभेच्या ठायी राहील आणि अंमलबजावणीचे अधिकार आयुक्ताकडे असतील, अशी विभागणी झाली. बहात्तर सदस्यांपैकी छत्तीस वॉर्डांतून निवडून येणार होते, अंदाजपत्रकावर स्थायी समितीची नजर राहणार होती आणि सरकारने नेमलेला आयुक्त पाच-अष्टमांश सदस्यांच्या मताने परत पाठवता येणार होता. आयुक्त नेमण्याचा अधिकार मात्र सरकारकडेच राहिला. ही उणीव की मेहतांनी जाणून पत्करलेली तडजोड, हा वादाचा विषय असला तरी १८७१ चा निबंध दुसऱ्या शक्यतेकडे बोट दाखवतो. दुरुस्त्यांसह तोच कायदा आजही मुंबईत लागू आहे. १९५७ च्या दिल्ली महापालिका कायद्याची घडणही याच धर्तीची आहे.

या काळात मेहता राष्ट्रीय राजकारणातही पहिल्या फळीत होते. १८८५ च्या जानेवारीत तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासह त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन उभी केली, डिसेंबरात काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनात भाग घेतला आणि १८९० मध्ये कलकत्ता काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात १८९५ मध्ये पोलीस विधेयकावर त्यांनी नोकरशाहीला इतके खडे बोल सुनावले, की तेथील गोरे अधिकारी चक्रावून गेले. सरकारी बाकांना अशा भाषेची सवय नव्हती.

मराठी वाचकाच्या मनात मेहतांविषयी आकस आहे, तो सुरत काँग्रेसमुळे. १९०७ चे अधिवेशन नागपूरला ठरले होते. ते टिळकांच्या अनुयायांचे वर्चस्व टाळण्यासाठी सुरतेला हलविण्यात आले, आणि त्यामागे मेहतांचे वजन होते. अधिवेशन उधळले गेले तेव्हा भिरकावलेला पुणेरी जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांना लागून मेहतांवर आदळला. महापालिकेत सभागृहाचा अधिकार जपणारा हा नेता पक्षात मात्र विरोधी मताला जागा द्यायला तयार नव्हता. ही विसंगती झाकण्यात अर्थ नाही. टिळकांसाठी काँग्रेसचे दरवाजे मोकळे झाले, ते मेहतांच्या पश्चात.

गंमत अशी, की त्याच वर्षी मुंबईत खुद्द मेहतांविरुद्ध कट शिजला होता. त्यांचे महापालिकेतील वर्चस्व मोडण्यासाठी अकाउंटंट जनरल हॅरिसन यांच्या पुढाकाराने काही गोरे अधिकारी आणि टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक लोव्हॅट फ्रेझर एकत्र आले. जस्टिस मंडळींच्या मतदारसंघातून सोळा जागा भरायच्या होत्या. मेहता सतरावे आले. सरकारी हिशेब तपासणारे खाते सोडून शहराच्या निवडणुकीचे हिशेब मांडणारा हा अकाउंटंट जनरल त्या खात्याच्या इतिहासात एकटाच असावा. माधवबागेत निषेधाची प्रचंड सभा भरली. पुढे निवडून आलेल्यांपैकी एक जण महापालिकेचा कंत्राटदार निघाल्याने अपात्र ठरला आणि मेहता सभागृहात परतले. १९११ मध्ये ते पुन्हा अध्यक्षही झाले.

अखेरच्या वर्षांत त्यांनी सोराबजी पोचखानवाला यांच्या सेंट्रल बँकेचे पहिले अध्यक्षपद सांभाळले आणि १९१३ मध्ये बॉम्बे क्रॉनिकल हे दैनिक काढले. १९१५ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. गोखले फेब्रुवारीतच गेले होते.

मेहतांचे शहर म्हणजे करदात्यांचे शहर होते, हेही नोंदवायला हवे. चाळीत भाड्याने राहणारा गिरणी कामगार त्यांच्या मतदारयादीत नव्हता आणि त्यासाठी ते झगडल्याचे दिसत नाही. दहा रुपये भाडे भरणाऱ्यांना मताचा अधिकार १९२२ च्या दुरुस्तीने मिळाला, तर प्रौढ मताधिकारावरील पहिली निवडणूक १९४८ मध्ये झाली. तेव्हा कुठे मुंबईतील प्रत्येक सज्ञान रहिवासी महापालिकेचा मतदार झाला. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि निवडणुका लांबल्या, तेव्हा पुढची काही वर्षे याच महापालिकेत अंदाजपत्रक मांडणारा आणि ते मंजूर करणारा एकच, सरकारने नेमलेला प्रशासक होता. दिल्लीतील मराठी अधिकारी ज्या सरकारी वसाहतींत राहतात, त्यांपैकी नवी दिल्ली नगरपालिका परिषदेच्या हद्दीतील घरांना तर नगरसेवकच नाही. तेथे परिषदेचा अध्यक्ष केंद्राने नेमलेला अधिकारी असतो. १८७१ च्या त्या सभेत मेहतांनी जाब विचारणाऱ्या सभागृहाची मागणी केली होती, ती अशाच कारभारासमोर.