डॉक्टर थॉमस वेल्च व न आंबलेला द्राक्षरस

प्रभुभोजनाच्या प्याल्यांत पुष्कळ मंडळ्या आज द्राक्षांचा न आंबलेला रस वापरतात. ही चाल रूढ होण्यास ज्यांच्या श्रमांची मोठी मदत झाली, ते डॉक्टर थॉमस ब्रॅमवेल वेल्च होत.

त्यांचा जन्म इंग्लंडांतील ग्लॅस्टनबरी गांवीं १८२५ सालीं झाला. लहानपणींच ते अमेरिकेंत गेले व तरुणपणीं वेस्लियन मेथडिस्ट मंडळींत उपदेशक झाले. पळून आलेल्या गुलामांस सुरक्षित ठिकाणीं पोंचविण्याच्या कामींही त्यांनीं साहाय्य केलें. पुढें आवाज बिघडल्यामुळें उपदेशाचें काम सोडावें लागलें. तेव्हां वैद्यक शिकून ते शेवटीं न्यू जर्सी प्रांतांतील व्हाइनलँड गांवीं दांतांचे डॉक्टर म्हणून राहिले.

तेथील मंडळींत प्रभुभोजनाची तयारी त्यांजकडे असे. ज्यानें मोठ्या कष्टानें दारू सोडली, त्याच्या ओठांस प्रभूच्या मेजावरच ती पुन्हां लागावी, हें त्यांस सहन होईना. परंतु ताजा रस ठेवावा तर तो आंबे. कारण द्राक्षांवर यीस्ट नांवाचे सूक्ष्म जीव असतात, ते रसांतील साखरेची दारू करितात. उष्णतेनें असे जीव मरतात, हें फ्रान्सांत लुई पाश्चर यांनीं दाखविलें होतें. त्या आधारें १८६९ सालीं वेल्च यांनीं कॉन्कॉर्ड जातीचीं जांभळीं द्राक्षें थोडीं शिजवून फडक्यांतून पिळलीं, रस बाटल्यांत भरला, बुचें घट्ट बसविलीं व बाटल्या उकळत्या पाण्यांत ठेविल्या. तो रस आंबला नाहीं.

मंडळ्यांनीं मात्र त्याचा फारसा स्वीकार केला नाहीं. कांहीं वर्षांनीं निराश होऊन त्यांनीं तो उद्योग सोडला. त्यांचे चिरंजीव चार्ल्स यांनीं तो पुन्हां हातीं घेतला, आणि १८९३ च्या शिकागो प्रदर्शनांत त्या रसाची मोठी प्रसिद्धि झाली. ज्या बीजाची आशा बापानें सोडली होती, त्याचें पीक १९०३ सालीं मरण्यापूर्वीं त्यानें डोळ्यांनीं पाहिलें.

आतां या रसाचे गुण. जांभळ्या द्राक्षांच्या सालींत पॉलिफेनॉल नांवाचीं द्रव्यें असतात; तीं रक्तवाहिन्या लवचिक राहण्यास मदत करितात, असें कांहीं लहान परीक्षणांत आढळलें आहे. पोटॅशियमही त्यांत मिळतें. परंतु गाळतांना चोथा जातो आणि साखर राहते. एका मोठ्या पेल्यांत सुमारें ३५ ग्रॅम, म्हणजे आठ-नऊ चहाचे चमचे साखर असते. यास्तव मधुमेह असलेल्यांनीं तो पेलाभर पिऊं नये, व वर्षाच्या आंतील बालकांस कोणताही फळांचा रस देऊं नये. अख्खीं द्राक्षें रसापेक्षां बरीं.

वडिवळे व मावळांतील गांवें भाताचीं. परंतु आपल्याच पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाकडे द्राक्षें पिकतात. हंगामांत तीं आणून, धुऊन, वरील रीतीनें रस करितां येतो. उघडलेली बाटली लवकर संपवावी. रस फेसाळला तर टाकून द्यावा. दारू सोडलेला बंधु निर्भयपणें मेजाजवळ यावा, एवढ्यासाठीं वेल्च झटले. त्यांच्या श्रमाचें मोल त्यांतच आहे.