पोरक्यांची आई : पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचे नाव काढले की आपल्या डोळ्यांसमोर पुणे, मुंबई नाही तर केडगाव उभे राहते. पण ही बाई जन्माने आपल्या कर्नाटकातील होती, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात तिच्या कार्याची एक शाखा आपल्या गुलबर्ग्यापर्यंत, म्हणजे आजच्या कलबुर्गीपर्यंत येऊन पोहोचली होती. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषा नांदणाऱ्या या अंकात तिची ओळख करून घेणे म्हणूनच उचित ठरेल. रमाबाईंची विद्वत्ता आणि समाजसुधारणा यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे पाहावयाचा आहे तो त्यांच्या चरित्राचा एक वेगळा धागा. ज्या मुलांना लहानपणी माया मिळाली नाही, ज्यांचा माणसांवरील विश्वासच उडाला, अशा मुलांना वाढवायचे कसे, हा प्रश्न त्यांच्यापुढे जन्मभर उभा होता.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढीची पर्वा न करता पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले होते, आणि लक्ष्मीबाईंनी तेच धन लेकीच्या पदरात टाकले. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत गावोगाव हिंडू लागले. डोक्यावर कायमचे छप्पर नव्हते, उद्याच्या अन्नाची शाश्वती नव्हती. तरीही पहाटे दिवसभराच्या कामाला लागण्यापूर्वी आई मुलीला उठवून जवळ घेई आणि पाठ देई. घर नसलेल्या या मुलीला आई मात्र पुरेपूर मिळाली. पुढच्या साऱ्या दुःखांत रमाबाई मोडल्या नाहीत, याचे एक कारण या पहाटेच्या पाठांत शोधावे लागते.

दुःखे थोडीथोडकी नव्हती. १८७४ च्या दुष्काळात उपासमारीने आधी वडील, मग आई आणि थोड्याच काळात थोरली बहीण गेली. रमाबाई तेव्हा १६ वर्षांच्या होत्या. भाऊ श्रीनिवास याच्यासह त्या हजारो मैल पायी चालल्या आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या वकिलाशी विवाह केला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचे निधन झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत त्यांचे म्हणावे असे माणूस उरले ते एक तान्ही मुलगी.

त्यानंतरची हकीकत मात्र विचार करायला लावते. १८८३ मध्ये रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या आणि तेथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे शिक्षणासाठी त्या चेल्टनहॅमला गेल्या, तेव्हा मुलगी बहुतेक काळ वाँटेजच्या भगिनींकडे राहिली. १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी मायलेकी अमेरिकेस गेल्या खऱ्या, पण रमाबाईंचा तेथील मुक्काम लांबला आणि मनोरमेला पुन्हा इंग्लंडला पाठवावे लागले. तिचे संगोपन कसे व्हावे, यावरून रमाबाई आणि सिस्टर जेराल्डिन यांच्यात पत्रांतून बरेच मतभेद झाले. ती पत्रे १९७७ मध्ये महाराष्ट्रात प्रसिद्ध झाली आहेत. परक्या मुलींची आई होण्याची तयारी करताना पोटच्या पोरीपासून दूर राहावे लागले, हे त्यांच्या जीवनातील सत्य झाकून ठेवण्याचे कारण नाही.

अमेरिकेत त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला. मूल खेळातून, हाताच्या कामातून आणि प्रेमळ सहवासातून शिकते, हा त्या पद्धतीचा गाभा. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदासदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई याच सदनात शिकल्या. मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत, या आक्षेपावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आश्रयाला आलेल्या मुलीवर आश्रय देणाऱ्याचा धर्म किती पडावा, हा प्रश्न तेव्हा रास्तच होता आणि आजही तो विचारला गेला पाहिजे.

खरी कसोटी लागली ती १८९६-९७ च्या दुष्काळात. स्वतःचा जुना दुष्काळ आठवून रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना दौंड तालुक्यातील केडगावच्या शेतावर नेले. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातील मुली आल्या आणि संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. या मुली केवळ भुकेल्या नव्हत्या. कित्येकींना घरच्यांनी टाकले होते, कित्येकींचा वाटेत छळ झाला होता. त्या भांडत, खोटे बोलत, आणि मायेने कोणी जवळ आले तरी संशय घेत. चांगले खाऊ घालून पुढे आपल्या अंगातील तेल काढून घेणार, अशी अफवासुद्धा त्यांच्यात पसरली होती. ज्याने आजवर दिले काहीच नाही, त्या जगाने अचानक दिले तर मुलाला भीतीच वाटणार!

आजचे मानसशास्त्र या अवस्थेचा विचार निराळ्या नावाने करते. जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात मातृवियोगाचे बालमनावरील परिणाम मांडले. १९८० पासून अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात अनुबंधाच्या विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले. असे मूल दुखले-खुपले तरी कोणाकडे धाव घेत नाही, कुशीत शिरत नाही. केडगावच्या मुलींना शंभर-सव्वाशे वर्षांनंतर आपण रोगाचे नाव चिकटवू नये. पण त्यांचे वागणे हा दुष्टपणा नसून झालेल्या जखमेची खूण होती, एवढे मात्र या शास्त्रामुळे आपल्याला नीट उमगते.

रमाबाईंनी काय केले? दिवसाला ठरलेली घडी दिली. जेवण वेळेवर, शाळा वेळेवर, काम वेळेवर. शेती, विणकाम, गोठा, छापखाना यांत मुलींचे हात गुंतविले. आधी आलेल्या मुलींनी नंतर आलेल्या धाकट्यांना सांभाळायचे, अशी रीत पाडली. त्यामुळे कालपर्यंत जी पोरकी होती, तीच कोणाची तरी ताई झाली. आज तज्ज्ञ सांगतात तेही फारसे वेगळे नाही : तेच माणूस रोज दिसावे, दिलेला शब्द पाळला जावा, मूल चिडले तरी त्याला टाकून देऊ नये. अर्थात दोन हजार मुलींना एक आई पुरी पडत नाही. मोठ्या संस्थेची ही मर्यादा आता सर्वमान्य झाली आहे. आपल्या देशाच्या २०१५ च्या बालन्याय कायद्यानेही संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे; कुटुंबाला पहिला मान दिला आहे.

मनोरमाबाई शिकून परत आल्या आणि आईच्या उजव्या हात झाल्या. अंध मुलींना त्यांनी ब्रेल शिकविली. १९१३ च्या सुमारास निजामाच्या राज्यातील गुलबर्ग्यात शाळा निघाली, तिची धुराही त्यांनीच वाहिली. बालपणी वारंवार दूर ठेवली गेलेली ही मुलगी आईपासून दुरावली नाही, ही या चरित्रातील मोठी समाधानाची गोष्ट. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. त्यानंतर वर्षही पुरे झाले नाही तोच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनी केडगावी देह ठेवला.

आपल्या बीदर-कलबुर्गी भागातून दरवर्षी कितीतरी आईबाप पोट भरण्यासाठी मुंबई-पुण्याकडे जातात, आणि मुले आजी-आजोबांकडे किंवा वसतिगृहात राहतात. आपल्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक होतील. वर्गात एखादे मूल कोणाशी बोलत नसेल, डबा लपवून खात असेल, मायेने विचारले तरी अंगावर येत असेल, तर त्याला वाईट वळणाचे म्हणण्याआधी केडगावच्या त्या मुली आठवाव्यात. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याजवळ जाऊन त्याची विचारपूस करावी.