हवेतले पाणी मोजणारा अभियंता

होळी जवळ आली की घरोघरची वातानुकूलन यंत्रे तीन-चार महिन्यांच्या विश्रांतीनंतर पुन्हा सुरू करण्याची लगबग होते. जाळी धुणे, बाहेरच्या भागावरील धूळ झाडणे, पाण्याची नळी मोकळी आहे की नाही हे पाहणे, अशी ती तयारी असते. यातल्या त्या उपेक्षित नळीचे नाते थेट विलिस हॅविलँड कॅरियर या अमेरिकी अभियंत्याशी पोहोचते. कारण त्यांनी हे यंत्र मुळात हवेतील पाणी काढून घेण्यासाठी बनवले होते, आणि तेही माणसांसाठी नव्हे, छापखान्यातील कागदासाठी.

न्यूयॉर्क राज्यातील अँगोला या गावी एका शेतकरी कुटुंबात २६ नोव्हेंबर १८७६ रोजी कॅरियर यांचा जन्म झाला. ते आईवडिलांचे एकुलते एक अपत्य. शाळेत अपूर्णांक डोक्यात शिरेनात, तेव्हा आईने सफरचंदे आणून त्यांच्या अर्ध्या, पाव, आठव्या भागाच्या फोडी मुलापुढे मांडल्या आणि गणित समजावले. घड्याळ आणि शिवणयंत्र दुरुस्त करणारी ही कुशल माता मुलगा अकरा वर्षांचा असतानाच निवर्तली. पुढे शिष्यवृत्ती आणि किरकोळ कामे यांच्या आधारे कॅरियर यांनी कॉर्नेल विद्यापीठातून १९०१ मध्ये अभियांत्रिकीची पदवी मिळवली आणि बफेलो फोर्ज कंपनीत आठवड्याला १० डॉलर वेतनावर नोकरी धरली.

वर्षभरातच ब्रुकलिनच्या सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्याचे गाऱ्हाणे त्यांच्यापुढे आले. तेथे रंगीत चित्रे छापताना एकेक रंग स्वतंत्रपणे कागदावर चढवला जाई. दमट हवेत कागद ओलावा शोषून फुगे, कोरड्या हवेत आकसे. परिणामी दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसत नसे. कागद वाया, शाई वाया, शिवाय मुदत चुकलेली. कॅरियर यांनी थंड नळ्यांच्या वेटोळ्यांवरून हवा खेळवून आर्द्रता ५५ टक्क्यांवर राखण्याची योजना आखली. तिचे आराखडे १७ जुलै १९०२ चे आहेत. आधुनिक वातानुकूलनाचा जन्मदिवस म्हणून हीच तारीख सांगितली जाते.

या योजनेवर ते स्वतः मात्र समाधानी नव्हते. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात पिट्सबर्गच्या रेल्वे फलाटावर गाडीची वाट पाहताना दाट धुके पसरले होते. धुक्यातील हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असते, तरी थंडीमुळे तिच्यात एकूण पाणी थोडेच मावते, हे त्यांच्या ध्यानी आले. मग हवेत थंड पाण्याचे तुषार उडवून कृत्रिम धुके निर्माण करावे आणि तुषारांचे तापमान हवे तसे ठेवावे, म्हणजे हवेत नेमके किती पाणी उरणार ते आपोआप ठरेल! पाणी शिंपडून हवा कोरडी करण्याची ही कल्पना ऐकणाऱ्याला हास्यास्पदच वाटली असती. तिच्यावर आधारित यंत्राचे पेटंट त्यांना २ जानेवारी १९०६ रोजी मिळाले.

आजच्या घरगुती यंत्रातही थंड वेटोळ्यावर बाष्पाचे पाणी होते आणि ते नळीवाटे बाहेर पडते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ते पुष्कळ असते. बंद काळात साचलेल्या धुळीने व शेवाळाने नळी तुंबली, तर तेच पाणी घरातल्या भिंतीवरून ओघळते. जाळी बुजली की वेटोळ्यावरून पुरेशी हवा जात नाही आणि त्यावर बर्फ धरू लागतो. म्हणून मोसमापूर्वी वीजपुरवठा बंद करून जाळी धुऊन सावलीत वाळवावी आणि नळीत पाणी सोडून पाहावे. दर वर्षी गॅस भरण्याचा आग्रह मात्र बहुधा दुरुस्ती करणाऱ्याच्याच हिताचा असतो. हा गॅस बंदिस्त नळ्यांतून फिरत राहतो, खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर आधी गळती शोधली पाहिजे.

कॅरियर यांच्या वाट्याला संकटेही आली. महायुद्ध सुरू होताच बफेलो फोर्जने त्यांचा विभाग बंद केला. तेव्हा १९१५ मध्ये सात अभियंत्यांनी ३२,६०० डॉलर जमवून स्वतःची कंपनी काढली. १९२२ मध्ये त्यांनी मध्योत्सारी शीतकयंत्र सादर केले; विषारी अमोनियाऐवजी तुलनेने सुरक्षित द्रव वापरल्याने गर्दीच्या जागी थंडावा देणे शक्य झाले. १९२५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात त्याची परीक्षा झाली. यंत्र सुरू व्हायला उशीर झाला होता आणि सवयीने हातपंखे घेऊन आलेले प्रेक्षक वारा घेत होते. कॅरियर चिंतेने पाहत होते. हळूहळू एकेक पंखा थांबत गेला.

घराघरांत शिरणे मात्र इतके सोपे नव्हते. १९२८ मध्ये त्यांनी घरगुती यंत्र आणले, पण पाठोपाठ १९२९ ची महामंदी आली. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात त्यांच्या कंपनीने हिमगृहाच्या आकाराचे दालन उभारून लोकांना गारव्याची चव दाखवली, तोच दुसरे महायुद्ध पेटले. घरगुती यंत्रांची खरी लाट युद्धानंतर उसळली. ती नुकती कुठे आकार घेत होती, तेव्हा ७ ऑक्टोबर १९५० रोजी कॅरियर यांचे न्यूयॉर्क येथे निधन झाले.