सेवाव्रती रेबेका ग्रॅट्झ

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या मोहल्ल्यात एखाद्या घरावर संकट आले तर काय होते, ते आठवा. कोणी मयताच्या घरी जेवण पाठवतो. कोणी आजाऱ्याला दवाखान्यात नेतो. कोणी त्या घरातील लहान मुलांना आपल्या घरी आणून जेवू घालतो. या कामाचा पगार कोणी मागत नाही. पण चार दिवस गेले की सारे आपापल्या उद्योगाला लागतात. मग ज्या घरात रोजच चूल पेटत नाही, त्या घराचे काय? वर्षानुवर्षे, नियमाने, न थकता मदत करायची असेल, तर काय करावे लागते? सुमारे दोनशे वर्षांपूर्वी एका स्त्रीने या प्रश्नाचे उत्तर आपल्या कामातून दिले. तिचे नाव रेबेका ग्रॅट्झ.

रेबेकाचा जन्म ४ मार्च १७८१ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया या प्रांतात झाला. त्या वेळी अमेरिका इंग्रजांविरुद्ध स्वातंत्र्याची लढाई लढत होती. रेबेकाचे सारे आयुष्य फिलाडेल्फिया शहरात गेले. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची घोषणा १७७६ साली याच शहरात झाली होती. तिचे वडील मायकेल ग्रॅट्झ युरोपातून येऊन तेथे स्थायिक झाले होते. ते मोठे व्यापारी होते. बारा भावंडांत रेबेका सातवी. घरात पैसा होता, पुस्तके होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचा राबता होता.

ग्रॅट्झ कुटुंब ज्यू धर्माचे होते. ज्यू लोकांना तुम्ही उर्दूत यहुदी म्हणता. ज्यांना तुम्ही हजरत मूसा या नावाने ओळखता, त्यांना ज्यू लोक आपले सर्वांत थोर पैगंबर मानतात. त्यांच्या प्रार्थनास्थळाला सिनेगॉग म्हणतात. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस. फिलाडेल्फियातील ज्यूंची वस्ती तेव्हा फार लहान होती. त्यांच्या मंडळीचे नाव मिक्वेह इस्राएल. १७८२ साली त्यांनी स्वतःचे सिनेगॉग बांधले. त्या कामात रेबेकाच्या वडिलांचाही वाटा होता. बांधकामामुळे मंडळीवर कर्ज झाले, तेव्हा १७८८ साली त्यांनी शहरातील सर्व धर्मांच्या लोकांकडे मदत मागितली. देणगी देणाऱ्यांत बेंजामिन फ्रँकलिन हे थोर शास्त्रज्ञ आणि देशनेतेही होते. एकमेकांना हात देण्याची ही रीत रेबेकाने लहानपणापासून पाहिली.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. सिनेगॉगमध्ये स्त्रियांची बसण्याची जागा वेगळी असे. मंडळीच्या कारभारात त्यांना मत नव्हते. त्या काळच्या कायद्याप्रमाणे लग्न झालेल्या स्त्रीच्या पैशावरही तिच्या नवऱ्याचाच हक्क असे. अशा वेळी स्त्रियांनी संस्था काढावी, वर्गणी गोळा करावी, सभा भरवावी आणि हिशेब लिहावा, हे सोपे नव्हते. रेबेकाने नेमके हेच काम हाती घेतले.

१८०१ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, तिने पहिले पाऊल टाकले. तिने, तिच्या आईने, बहिणीने आणि शहरातील इतर काही स्त्रियांनी मिळून हलाखीत सापडलेल्या बायका-मुलांना मदत करणारे एक मंडळ स्थापन केले. त्यात ख्रिस्ती स्त्रिया होत्या आणि ज्यू स्त्रियाही होत्या. रेबेका या मंडळाची चिटणीस झाली. पत्रे लिहिणे, सभेचा वृत्तान्त ठेवणे, कोणाला काय दिले याची नोंद करणे, अशी कामे तिच्याकडे आली. वरवर पाहता ही कामे कंटाळवाणी वाटतात. पण नोंद नसेल, तर एकाच घरी दोनदा मदत जाते आणि दुसरे घर उपाशी राहते. चांगल्या मनाला चांगल्या वहीचीही जोड लागते, हे रेबेका त्या वयात शिकली.

पुढे १८१५ साली फिलाडेल्फियात एक अनाथाश्रम, म्हणजे यतीमखाना, उभा राहिला. तो उभारण्यातही रेबेकाबाई होत्या. या संस्थेच्या चिटणीसपदाचे काम त्यांनी सुमारे चाळीस वर्षे केले. या काळात एक भयंकर प्रसंग आला. जानेवारी १८२२ मध्ये रात्रीच्या वेळी अनाथाश्रमाला आग लागली आणि २३ मुले मृत्युमुखी पडली. ज्या मुलांना आसरा द्यायचा, तीच आपल्या छपराखाली गेली, याहून मोठे दुःख कोणते? संस्था बंद पडेल असे कोणालाही वाटले असते. पण रेबेकाबाई आणि त्यांच्या सोबतिणी डगमगल्या नाहीत. वाचलेल्या मुलांना तर घर हवेच होते! त्यांनी पुन्हा लोकांकडे हात पसरला आणि अनाथाश्रम नव्याने उभा राहिला.

आता रेबेकाबाईंपुढे एक अवघड प्रश्न होता. शहरातील बहुतेक मदत-मंडळे ख्रिस्ती लोकांची होती. त्यांची मदत मोलाची होती. पण मदत देताना आपल्या धर्माची शिकवणही गरजूंनी ऐकावी, असा त्यांतील काही जणांचा आग्रह असे. गरीब ज्यू विधवेला पोटासाठी अन्न हवे असे आणि आपला धर्मही टिकवायचा असे. भूक लागलेल्या माणसाला ऐकून घ्यावेच लागते. ही अडचण रेबेकाबाईंनी जवळून पाहिली होती. त्यांनी कोणाशी भांडण केले नाही. ख्रिस्ती मैत्रिणींबरोबरचे कामही सोडले नाही. त्यांनी आपल्या मंडळीतील स्त्रियांना एकत्र बोलावले आणि १८१९ साली हिब्रू स्त्रियांची एक परोपकारी संस्था स्थापन केली. अमेरिकेत ज्यू स्त्रियांनी स्वतः चालवलेली, सिनेगॉगच्या कारभारापासून स्वतंत्र असलेली ही पहिलीच मदतसंस्था होती.

ही संस्था कशी चालत असे, ते पाहा. सभासद स्त्रिया दरवर्षी वर्गणी देत. कोणाच्या घरी अडचण आहे याची चौकशी त्या स्वतः करत. मग कोणाला धान्य, कोणाला कपडे, कोणाला राहण्यासाठी जागा दिली जाई. फिलाडेल्फियात हिवाळा कडक असतो. तेव्हा सरपणाची मदत सर्वांत मोलाची ठरे. मदत गाजावाजा न करता पोहोचवावी आणि घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, याकडे स्त्रियांचे लक्ष असे.

ज्यू धर्मात दानाला त्सेदाका म्हणतात. हा हिब्रू शब्द ऐकून तुम्हांला काही आठवले का? अरबीतून उर्दूत आलेला सदका हा शब्द त्याचाच भाऊ आहे. दोन्ही शब्द एकाच मुळातून आले आहेत. हिब्रूत या शब्दाचा न्यायाशी संबंध आहे. म्हणजे गरिबाला देणे ही केवळ दया नाही, ते आपले कर्तव्य आहे. रेबेकाबाईंची संस्था याच भावनेने चालत होती.

रेबेकाबाईंनी लग्न केले नाही. त्या आपल्या भावांबरोबर राहत. १८२३ साली त्यांची लाडकी बहीण रेचेल वारली. तिची मुले लहान होती. रेबेकाबाईंनी त्या सर्व मुलांना आपल्या घरी आणले आणि आईच्या मायेने वाढवले. घरात लहान मुले, बाहेर दोन-दोन संस्थांची कामे! तरीही त्यांनी एकाही कामात खंड पडू दिला नाही.

त्यांच्या हातून झालेले सर्वांत मोठे काम अजून व्हायचे होते. फिलाडेल्फियातील ज्यू मुले इतर मुलांबरोबर शिकत. पण आपल्या धर्माची माहिती त्यांना कोठे मिळणार? श्रीमंत लोक घरी शिक्षक ठेवत. गरिबांना ते परवडत नसे. तुमच्यापैकी कित्येक जण शाळेच्या वेळेआधी किंवा नंतर मक्तबात जात असतील. तसे सोयीचे ठिकाण तेथील गरीब ज्यू मुलांना नव्हते. १८१८ साली रेबेकाबाईंनी आपल्या घरी नातेवाइकांच्या मुलांसाठी एक छोटासा वर्ग चालवून पाहिला होता. तो फार दिवस टिकला नाही. पण वर्ग बंद पडला, तरी विचार बंद पडला नाही. वीस वर्षांनी, ४ मार्च १८३८ रोजी, म्हणजे आपल्या सत्तावन्नाव्या वाढदिवशी, त्यांनी हिब्रू रविवार शाळा सुरू केली. पन्नासएक मुले-मुली आली.

रविवारच का? शनिवार हा ज्यूंचा पवित्र दिवस. बाकीचे दिवस शाळेचे आणि कामाचे. रविवारी सगळे शहर मोकळे असे. ख्रिस्ती लोकांच्या रविवार शाळा शहरात आधीपासून होत्या. चांगली पद्धत शेजाऱ्याकडून शिकण्यात रेबेकाबाईंना कमीपणा वाटला नाही. या शाळेत फी नव्हती. कोणत्याही ज्यू मुलाला दार उघडे होते. मुले आणि मुली दोघेही शिकत. शिकवणाऱ्या सर्व स्त्रियाच होत्या आणि त्या एक पैसाही वेतन घेत नसत. मंडळीच्या कारभारात ज्यांना मत नव्हते, त्याच स्त्रिया आता पुढच्या पिढीला धर्म शिकवत होत्या. या गोष्टीचे महत्त्व तुमच्या लक्षात आले ना?

सुरुवातीला ज्यू मुलांसाठी इंग्रजीत पाठ्यपुस्तकेच नव्हती. मग शिक्षिकांनी काय करावे? त्यांनी ख्रिस्ती रविवार शाळांची पुस्तके आणली आणि जो मजकूर ज्यू धर्माला धरून नव्हता, त्यावर कागदाचे तुकडे चिकटवले. मुलेच ती! कागदाखाली काय लपवले आहे, हे पाहण्यासाठी ती हळूच कागद उचकटून पाहत. पुढे शिक्षिकांनी स्वतःच पुस्तके लिहिली. सिम्हा पेशोटो या शिक्षिकेने धर्मग्रंथाची ओळख करून देणारे पुस्तक तयार केले. मंडळीचे धर्मसेवक आयझॅक लीझर यांनीही मुलांसाठी प्रश्नोत्तरांचे पुस्तक लिहिले. पुस्तके नाहीत म्हणून शाळा थांबली नाही. शाळा सुरू होती, म्हणून पुस्तके तयार झाली.

रेबेकाबाईंनी पंचवीस वर्षांहून अधिक काळ ही शाळा सांभाळली. शाळेत शिकलेल्या मुली मोठ्या होऊन त्याच शाळेत शिक्षिका झाल्या. चार्ल्सटनसारख्या दुसऱ्या शहरांतील ज्यू स्त्रियांनीही तशाच शाळा काढल्या.

पुढे युरोपातून अनेक गरीब ज्यू कुटुंबे अमेरिकेत येऊ लागली. परक्या देशात आईबाप गेले की मुले उघडी पडत. त्यांच्यासाठी वेगळे घर हवे, असे रेबेकाबाई कित्येक वर्षे सांगत होत्या. अखेर १८५५ साली ज्यू मुलांसाठी अनाथगृह सुरू झाले. त्या वेळी रेबेकाबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. या वयात बहुतेक माणसे विश्रांती घेतात. त्या मात्र नव्या संस्थेच्या कामात लागल्या.

रेबेकाबाईंविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. वॉल्टर स्कॉट या प्रसिद्ध लेखकाच्या आयव्हॅन्हो या कादंबरीत रेबेका नावाची एक शूर ज्यू मुलगी आहे. ती मुलगी यांच्यावरूनच रंगवली, असे पुष्कळ लोक मानतात. या गोष्टीला पक्का पुरावा मिळालेला नाही. पण पुरावा नसला म्हणून काय बिघडले? कादंबरीतील रेबेकेने एका जखमी वीराची शुश्रूषा केली. खऱ्या रेबेकेने हजारो दिवस एका शहराची काळजी वाहिली.

२७ ऑगस्ट १८६९ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, रेबेका ग्रॅट्झ यांचे निधन झाले. फिलाडेल्फियात मिक्वेह इस्राएल मंडळीच्या जुन्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. त्या गेल्या, पण त्यांची कामे थांबली नाहीत. त्यांची रविवार शाळा त्यांच्यामागे शंभराहून अधिक वर्षे चालली. संस्था चांगली बांधली, तर ती बांधणाऱ्याच्या आयुष्यापेक्षा मोठी होते.

मित्रांनो, या चरित्रातून काय घ्यावे? रेबेकाबाईंजवळ धन होते, हे खरे. पण त्यांची खरी पुंजी वेगळी होती. त्या ठरल्या दिवशी येत. घेतलेले काम पुरे करत. पै-पैचा हिशेब लिहीत. एकट्या पुढे न जाता दहा जणींना बरोबर घेत. त्यांनी आपल्या समाजावर प्रेम केले आणि आपल्या शहरावरही प्रेम केले. एकासाठी दुसरे सोडावे लागते, असे त्यांना कधी वाटले नाही.

तुमच्या मोहल्ल्यातही वाचनालय असेल, मदतीची कमिटी असेल, लहान मुलांचा अभ्यासवर्ग असेल. तेथे जा आणि एखादे लहानसे काम मागून घ्या. पुस्तके लावण्याचे असो, लहान मुलांना पाढे शिकवण्याचे असो किंवा आलेल्यांना पाणी देण्याचे असो. मग ते काम पुढच्या आठवड्यातही करा आणि त्याच्या पुढच्या आठवड्यातही करा. पहिल्या दिवशी कामाला पुष्कळ लोक येतात. चाळीस वर्षांनंतरही जो येतो, त्याच्यामुळे समाज उभा राहतो.