जेन ॲडम्स : स्थलांतरितांच्या शेजारी राहिलेली कार्यकर्ती

वस्तीत काम करताना आम्हाला एक गोष्ट नेहमी दिसते. शहरात शिकणाऱ्या मुलांना गावाकडून आलेल्या आईच्या बोलीची, नेसण्याची लाज वाटू लागते. ही लाज सव्वाशे वर्षांपूर्वी शिकागोत जेन ॲडम्स यांनी ओळखली होती.

६ सप्टेंबर १८६० रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात एका सुखवस्तू घरात त्यांचा जन्म झाला. १८८८ मध्ये लंडनचे टॉयन्बी हॉल पाहून त्या परतल्या आणि १८८९ मध्ये मैत्रीण एलेन गेट्स स्टार यांच्यासह शिकागोच्या कामगार वस्तीत ‘हल हाऊस’ सुरू करून तिथेच राहू लागल्या. आसपास इटालियन, ग्रीक, जर्मन, रशियातून आलेले ज्यू असे स्थलांतरित कामगार होते.

सुरुवातीला तिथे कादंबरीवाचन झाले. पण कारखान्यात जाणाऱ्या आया लेकरांना घरात कोंडून जातात हे कळले आणि पाळणाघर निघाले. कचरा उचलला जाईना, तेव्हा १८९५ मध्ये जेन स्वतः वॉर्डाच्या कचरा निरीक्षक झाल्या आणि पहाटे गाड्यांमागे फिरल्या. त्याच वर्षी हल हाऊसने घरोघरच्या मजुरीचे आणि राष्ट्रीयत्वाचे नकाशे प्रसिद्ध केले. सेवेला सर्वेक्षणाची आणि हक्काच्या मागणीची जोड अशी मिळाली.

१९०० मध्ये त्यांनी श्रम संग्रहालय उभारले. तिथे स्थलांतरित बाया आपल्या देशातले सूत कातणे, विणणे करून दाखवत. आईच्या हातातली कला मुलांनी पहिल्यांदाच मानाने पाहिली. शहरात सामावण्यासाठी स्वतःला पुसून टाकावे लागत नाही, हे त्यांनी कामातून दाखवले.

पहिल्या महायुद्धाला विरोध केल्याने त्यांच्यावर सडकून टीका झाली, तरी त्या मागे हटल्या नाहीत. १९३१ मध्ये त्यांना शांततेचे नोबेल विभागून मिळाले. २१ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले.

बाबासाहेबांचे कोलंबियातील गुरू जॉन ड्यूई हे जेन यांचे स्नेही आणि हल हाऊसचे विश्वस्त होते. लोकशाही म्हणजे सोबत जगण्याची रीत, हा ड्यूईंचा विचार अशा शेजारातही घडत होता.

आपले आजी-आजोबाही कधीकाळी गाव सोडून गिरणीच्या शहरात आले. आज परराज्यातून आलेला मजूर आपल्याच गल्लीत खोली शोधतो, तेव्हा आपण त्याला उपरा म्हणतो की शेजारी? मैत्री आणि बंधुता मानणाऱ्या तरुणांनी आधी त्याचे दार ठोठवावे, रेशनकार्ड आणि शाळाप्रवेशापासून सुरुवात करावी, असे आम्हाला वाटते.

जय भीम!