रुडॉल्फ डिझेल : दाबाशी झुंजलेले आयुष्य

राजुऱ्याहून आसिफाबादकडे जाताना महाराष्ट्राची सीमा ओलांडली की वांकिडी लागते. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले हे गाव आता कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. मराठी आणि तेलुगू दोन्ही भाषा नांदणाऱ्या या परिसरातून अवजड मालमोटारींची सतत ये-जा चालते. त्या मालमोटारींच्या इंधनाला आणि इंजिनाला ज्यांचे आडनाव लाभले, त्या रुडॉल्फ डिझेल यांचे आयुष्य मात्र फारसे परिचित नाही. इंजिनाच्या आत निर्माण होणारा प्रचंड दाब कोंडून कसा ठेवायचा, या एका प्रश्नाशी त्यांच्या उमेदीची वर्षे बांधली गेली होती. आजच्या ट्रकचालकाला आणि मिस्त्रीला भेडसावणारा हेड गॅस्केटचा प्रश्न त्याच कुळातला आहे.

डिझेल यांचा जन्म 18 मार्च 1858 रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील मूळचे बव्हेरियाचे. वडील चामड्याच्या वस्तू बनवीत. 1870 मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तेथून बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्याने आउग्सबुर्गला नातलगांकडे धाडण्यात आले. तेथे तंत्रशिक्षणाची गोडी लागलेला हा मुलगा पुढे म्युनिकच्या तंत्रविद्यालयातून 1880 मध्ये अत्युच्च गुणांनी उत्तीर्ण झाला.

शीतकरण यंत्रांचे जनक कार्ल फॉन लिंडे हे त्यांचे गुरू. वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामी आणते आणि उरलेली वाया घालवते, हे लिंडे यांच्या वर्गात समजल्यापासून डिझेल यांच्या मनाने एकच ध्यास घेतला. लिंडे यांच्याकडे नोकरी करीत असतानाच त्यांनी अमोनियाच्या वाफेवर चालणाऱ्या इंजिनाचे प्रयोग केले. त्यातील एका अपघाताने त्यांना दीर्घकाळ रुग्णालयात राहावे लागले. तरीही त्यांनी हा नाद सोडला नाही.

त्यांची कल्पना सांगायला सोपी होती. सिलिंडरमध्ये नुसती हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापावी. त्या तप्त हवेत इंधन सोडताच ते ठिणगीविना पेटावे. फेब्रुवारी 1892 मध्ये त्यांनी या कल्पनेच्या एकस्वासाठी अर्ज केला. 1893 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात तर त्यांनी 250 वातावरणांइतका दाब मांडला होता. कागदावरचा हा आकडा पेलणारे लोखंड, झडपा आणि सांधे मात्र त्या काळी कोणाजवळच नव्हते.

आउग्सबुर्गच्या यंत्रकारखान्याने आणि क्रुप कंपनीने त्यांना पाठबळ दिले. 10 ऑगस्ट 1893 रोजी पहिल्या चाचणीत इंधन पेटले, पण दाब 80 वातावरणांपर्यंत उसळला आणि दाबमापक फुटून त्याचे तुकडे उडाले. सिद्धान्त खरा ठरला होता, यंत्र मात्र अजून घडायचे होते. दट्ट्याच्या कड्यांतून हवा निसटे, झडपा नीट बसत नसत, ठरवलेला दाब साधत नसे. डिझेल यांनी आपला आकडा खाली आणला. तीस-पस्तीस वातावरणांच्या दाबावर समाधान मानून त्यांनी एकेक गळती बुजवण्याचे चिकाटीचे काम हाती घेतले. फेब्रुवारी 1894 मध्ये इंजिन स्वतःच्या बळावर सुमारे मिनिटभर चालले. त्यानंतर पूर्ण तीन वर्षांनी, 17 फेब्रुवारी 1897 रोजी, प्राध्यापक मोरिट्झ श्र्योटर यांनी सुमारे 18 अश्वशक्तीच्या नव्या इंजिनाची अधिकृत चाचणी घेतली. इंधनातील 26 टक्क्यांहून अधिक उष्णता कामी आल्याचे सिद्ध झाले. त्या काळचे दुसरे कोणतेही इंजिन याच्या जवळपास नव्हते.

कीर्ती आली, पैसा आला आणि पाठोपाठ मनस्तापही आला. प्रयोगशाळेत धडधाकट चाललेली इंजिने गिऱ्हाइकांच्या कारखान्यांत बंद पडू लागली. एकस्वावरून वाद झाले, प्रकृती ढासळली. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या इंजिनाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तेथे एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावरही चालवून दाखवण्यात आले. पण तेलविहिरी आणि जमिनींच्या व्यवहारांत डिझेल यांची संपत्ती बुडत गेली. 29 सप्टेंबर 1913 च्या संध्याकाळी ते अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन या बोटीवर चढले. जेवण आटोपून खोलीकडे गेलेले डिझेल सकाळी कोणालाच दिसले नाहीत. काही दिवसांनी समुद्रात सापडलेल्या एका मृतदेहाजवळच्या वस्तू मुलाने ओळखल्या. मृत्यूचे गूढ आजही पूर्ण उकललेले नाही. कर्जाचा भार पाहता बहुतेक चरित्रकार आत्महत्येकडे बोट दाखवतात.

त्यांच्या हयातीत हे इंजिन कारखाने आणि जहाजांपुरतेच रुळले. इंधन फवारण्यासाठी लागणारा हवेचा अवजड दाबयंत्रसंच गाडीवर परवडत नव्हता. 1920 च्या दशकात तो अडसर दूर झाला आणि डिझेल ट्रक रस्त्यावर आला. आपल्याकडे 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स स्थापन झाली. 1954 मध्ये टाटांनी जर्मन सहकार्याने जमशेदपूरला मालमोटारी बांधायला घेतल्या, तर 1962 मध्ये किर्लोस्कर-कमिन्सची सुरुवात होऊन मोठ्या अश्वशक्तीची इंजिने देशात घडू लागली.

आज अशा इंजिनांत ज्वलनाचा दाब 200 वातावरणांच्या घरात जातो; डिझेल यांनी कागदावर मांडलेल्या आकड्याच्या तो जवळ पोहोचला आहे. हा दाब ब्लॉक आणि हेड यांच्यामधील एका पातळ गॅस्केटला सोसावा लागतो. तेच गॅस्केट पाणी आणि ऑइल यांचे मार्गही वेगळे राखते. ते फुटले की रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, धुराड्यातून पांढरा धूर निघतो, ऑइल दुधाळ होते. दुर्लक्ष केल्यास हेड वाकते आणि ट्रक मालकाची कित्येक महिन्यांची कमाई एका दुरुस्तीत जाते.

गॅस्केट सहसा एकाएकी दगा देत नाही. चंद्रपूर-आसिफाबाद पट्ट्यातील उन्हाळ्यात भरलेला ट्रक चढावर तापतो, हेड आणि ब्लॉक कमी-अधिक प्रसरण पावतात आणि बोल्टांची पकड सैलावते. रेडिएटरमध्ये साध्या पाण्याऐवजी योग्य कूलंट असावे, तापमानाचा काटा चढताच गाडी थांबवावी, ताकद वाढवण्यासाठी इंधनपंप किंवा टर्बोशी खेळू नये. हेड उतरवलेच तर दोन्ही पृष्ठभाग सपाट आहेत का आणि लायनर सगळीकडे सारख्या उंचीवर आहेत का, हे मोजल्याखेरीज नवे गॅस्केट बसवू नये. बोल्ट कंपनीने सांगितलेल्या क्रमाने, साधारणपणे मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने टॉर्क पान्यानेच आवळावेत. हाताच्या अंदाजावर आवळलेला एक बोल्टही पुरेसा घातक ठरतो.

आउग्सबुर्गच्या त्या कारखान्यात तेजस्वी कल्पना पहिल्याच दिवशी पेटली होती. तिचे इंजिन व्हायला मात्र मोजमापाची आणि सांधे घट्ट करण्याची साडेतीन वर्षे लागली. वांकिडीवरून जाणारा प्रत्येक भरलेला ट्रक त्याच कष्टांच्या आधारावर धावतो, आणि त्याचे हेड उघडणाऱ्या मिस्त्रीलाही तेवढ्याच काटेकोरपणे काम करावे लागते.